आज काय भाजी केली?

माय, गेल्या महिन्यात मी एका बाईला फोन करून विचारलं, ऐकायला काही त्रास होतो का. ती म्हणाली, "बरी हाव." मी 'त्रास नाही' अशी खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या बाईला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नाही. हेच माझं काम आहे आणि याचाच मला पगार मिळतो. तुझ्या पोटी जन्मून मी असलं करावं, म्हणून आधी तुलाच सांगते आहे. राग तर इतका साठलाय की तो काढायला मला तुझ्याएवढं हक्काचं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी यवतमाळला एका संशोधन प्रकल्पात नर्स आहे. स्क्रब टायफस नावाच्या तापाचा अभ्यास चालतो. हे नाव तू ऐकलेलं नाहीस, तुझ्या वेळी आपल्याकडे ते कुणाच्या तोंडी नव्हतं. गवतात, झुडपात एक किडा असतो, दिसेल न दिसेल एवढा. तो चावलेला कळतही नाही. चावल्या जागी विडीचा चटका लागल्यासारखी काळी खपली धरते आणि मग ताप चढतो. वेळेत ओळखला तर स्वस्तातल्या गोळ्यांनी उतरतो, नाही ओळखला तर फुप्फुस म्हणू नको, मेंदू म्हणू नको, जिथं शिरेल तिथं नासधूस करतो. यातून वाचून घरी गेलेल्या माणसांच्या मागे काय उरतं ते आम्ही शोधतो: थकवा, विसराळूपणा, हातापायांची आग, कान. काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे सगळं आम्ही फोनवर शोधतो, कारण गावं लांब, माणसं कमी आणि गाडी मिळत नाही. ज्याचे कान गेले असतील त्याला फोन करून विचारायचं, बाबा रे, कान आहेत का? रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. मी आमच्या प्रकल्पाच्या मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, तसं म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले की जगभर असंच करतात. सर वाईट नाहीत. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

तुझा ताप मला लख्ख आठवतो. मी नववीत होते. तू राजूरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचीस आणि दुपारी नाल्याकाठचं गवत कापून शेळ्यांसाठी भारा आणायचीस. त्या पावसाळ्याच्या शेवटी तू अंथरुणाला खिळलीस. मी तुझं अंग पुसून देते आहे, परकराची नाडी सैल करते आहे, आणि तुझ्या कमरेवर, बरोबर नाडीच्या खाली, एक काळी खपली आहे. हे काय वं माय, मी विचारते. तू डोळे न उघडता म्हणतेस की नाडीनं काचलं. तुझं खोटं नव्हतं. शेतात राबणाऱ्या प्रत्येक बाईच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असतो, त्यात एक खपली कोण मोजतं? मी खोबरेल तेल लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, अंगावर कुठं डाग, फोड? परक्या पुरुषाला तू कमरेचं सांगणार होतीस होय! "नाही जी," म्हणालीस. मग मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉईड म्हणून सलाईन झाली, आणि तू वाचलीस ती निव्वळ हट्टानं. तुझं रक्त कुणी ठेवलं नाही, त्यामुळे तो हाच ताप होता हे मी आज सिद्ध करू शकत नाही. सर म्हणतात, तुझं मन आईत अडकलंय. अडकलंयच. पण आजही मी बायकांना आडोशाला नेऊन नाडी सैल करायला लावते, आणि आजही त्या म्हणतात, काचलं असंन.

उठून बसलीस तेव्हा तुझ्या कानांचं काहीतरी बिघडलं होतं. आम्हाला कळायला फार उशीर लागला, कारण तू ताकास तूर लागू दिली नाहीस. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, हसायचं आणि मान हलवायची. कुकर ओट्यावर असला की तू ओट्याला हात लावून उभी राहायचीस. शिट्टीला ओटा हलतो, ते तू हातानं मोजायचीस. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला तुझा आवाज सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे यायचा आणि पुढच्या बाया वळून बघायच्या, तरी तू एक पौर्णिमा चुकवली नाहीस. शाळेत मात्र हे चाललं नाही. चुलीवरच्या मोठ्या गंजातली खिचडी तळाला लागायला लागली की आवाज बदलतो, तो तुला येईना. मुख्याध्यापकांनी पोरांसमोर विचारलं, कान फुटले का? तू हसून "हो सर" म्हणालीस आणि सगळी पोरं हसली. मीही तिथंच भांडी ठेवायला आले होते. पुढच्या सत्रात दुसरी बाई लागली. तू घरी येऊन सांगितलंस की मलाच कंटाळा आला होता.

वणीच्या बाजारात एकदा मी तुझ्या कानाशी ओरडून भाव सांगत होते. तू माझा हात धरलास आणि मला गप्प केलंस. "वरडू नको वं. लोकायले वाटते, मायलेकी भांडून राह्यल्या." मला इतका राग आला होता. आपल्याला ऐकू येत नाही हे तू एकदा, फक्त एकदा तोंडानं कबूल केलं असतंस तर बाबांनी तुला कुठंतरी दाखवलं असतं, कानाचं यंत्र मिळालं असतं, काहीतरी झालं असतं. पण बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा तुला मंद म्हणवून घेणं परवडलं. हे मी तुला कधीच माफ केलेलं नाही, आणि आता ज्या बायकांशी बोलते त्या सगळ्या तुझ्यासारख्याच निघतात.

मी नर्सिंगला यवतमाळला आले तेव्हा तू कापूस वेचायच्या मजुरीतून बटणांचे दोन मोबाईल घेतलेस, एक तुला, एक मला. जिला ऐकू येत नाही तिनं फोन घेतला! बाबा म्हणाले, मी बोलत जाईन, तर तू फोन त्यांच्या हाती देईनास. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मी लावायचे आणि तू बोलायचीस: "हो, जेवली. हो, बरी हाव. तू जेव." माझे प्रश्न ठरलेले होते, जेवलीस का, बरी आहेस का, म्हणून तुझी उत्तरं बरोबर बसायची. बरेच दिवस मला वाटलं, फोनवर हिला येतंय की ऐकू. मग एका संध्याकाळी मी मध्येच विचारलं, माय, आज काय भाजी केली? तू म्हणालीस, "हो, जेवली. हो, बरी हाव. तू जेव." मी फोन धरून वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा ठरलेल्या क्रमानं विचारायला लागले, तुझं उत्तर चुकू नये म्हणून.

आणि तेच 'बरी हाव' तुझ्या जिवावर बेतलं. छातीत दुखायला लागलं म्हणून बाबांनी तुला दवाखान्यात नेलं आणि ते चिठ्ठी काढायला रांगेत गेले. तेवढ्यात तुला कुणीतरी विचारलं, काय होतंय? शेजारच्या बाकावरच्या बाईनं बाबांना नंतर सांगितलं, थे त म्हने बरी हाव. तुला बाकावर बसवून ठेवलं गेलं. वेळेत घेतलं असतं तर तू राहिली असतीस का, मला माहीत नाही. नर्स आहे, तरी माहीत नाही.

आता सुरुवातीला म्हटलं त्या मुकुटबनकडच्या बाईचं सांगते. घरची शेती आहे, कापूस आणि तूर. मागच्या वर्षी तिला ताप आला, रक्ततपासणीत स्क्रब टायफस निघाला, ती वाचली. मी फोन केला, नवऱ्यानं तिच्या हाती दिला. झोप लागते का, मी विचारलं. ती म्हणाली, "हो, जेवली." मी खूण करून पुढे गेले. संध्याकाळी भाकरी थापताना माझा हात थांबला. मला तुझा आवाज आठवला. सकाळी सरांना सांगितलं की मला तिथं जायचंय. ते म्हणाले, फोनची फेरी पूर्ण झाली आहे, जवळजवळ सगळे ठणठणीत आहेत, आता अहवाल लिहायचा. पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी मी माझ्या पैशानं एसटीत बसले.

नवरा अंगणातच होता. मी विचारायच्या आधीच तक्रार सुरू झाली: बाई आळशी झाली, हाक मारली तर उत्तर देत नाही, सासूशी रोज वाद, दिवाळी झाली की माहेरी नेऊन सोडणार, मग तिथंच राहू दे. "नाटकं करते जी. कामाचं सांगतलं का आयकू येत नाही, अन् जेवाले बलावलं का बरोबर येते." मी म्हटलं, "जेवाले बलावतानी तुमच्या हातात ताट असते."  ती चुलीपाशी पाठमोरी बसून शेंगा सोलत होती. तिच्या मागे हातभर अंतरावर उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, बाई, आज काय भाजी केली? ती हलली नाही. माझी सावली पुढे पडली तेव्हा वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं, पदर सारखा केला आणि अगदी तुझं हसू हसत म्हणाली, "हो, बरी हाव." तिच्या मांडीवर वालाच्या शेंगा होत्या. नवरा उंबऱ्यावर खाली बसला.

हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण संशोधनाला आरसा लागतो. मी दोघांना यवतमाळला आणलं, कानांची तपासणी केली, दोन्ही कानांचं ऐकणं बरंच कमी झालेलं निघालं. सरांनी कागद बघितला आणि विचारलं, तापाच्या आधी ऐकू येत होतं याचा पुरावा काय? मी उत्तर देणार तेवढ्यात नवराच बोलला. "पहिले थे अशी नव्हती, साहेब. रातच्याले बैलाच्या गळ्यातली घंटी वाजनं बंद झालं तरी उठे. म्हने, बैल सुटला."  सर मला म्हणाले, हा पुरावा नाही. मी म्हटलं, मग कशाला म्हणतात पुरावा? प्रकल्पाच्या बारा गावांत तापाच्या आधी कुणी कुणाचे कान तपासून ठेवलेत? नवऱ्याला स्वतःच्या आईला दाखवायला एक कागद हवा होता. मी लिहिलं, तापामुळे ऐकू येणं कमी झालं. सरांनी ते खोडून 'तापानंतर' केलं आणि मग सही केली. त्यांचं चूक नाही, हे मला कळतं. कळूनही अंगाचा तिळपापड झाला. तो कागद मात्र नवऱ्यानं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि बाहेर पडताना काय बोलायचं ते तिच्या समोर जाऊन बोलला. माहेरी सोडायचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आता पुढच्या फेरीत पहिला प्रश्न भाजीचा आहे. 'हो' म्हणून सुटता येत नाही असा प्रश्न, असं सरांनी बैठकीत सगळ्यांना समजावून सांगितलं. पण वरातीमागून घोडं, कारण आधीच्या फेरीतले ठणठणीत लोक ठणठणीतच राहणार, त्यांना पुन्हा फोन करायला प्रकल्पाकडे वेळ नाही. तुला वाटत असेल तर कर, सर म्हणाले, पण अहवालात येणार नाही. मी करते आहे. काम संपल्यावर एकेकाला लावते आणि विचारते, आज काय भाजी केली? बहुतेक जण सांगतात, आलूवांगं, बरबटीच्या शेंगा, काहीच नाही, बेसन. आणि मधेच कुणीतरी म्हणतं, बरी हाव. तेव्हा मला फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. मग मी त्या गावाची एसटी बघते.

बैठकीत सरांनी विचारलं होतं, ही चाचणी तुला सुचली कशी? मी म्हटलं, अनुभवानं. सगळ्यांनी मान डोलावली. पण माय, तू चौथी शिकली होतीस, ओळीवर बोट ठेवून वाचायचीस. फोनऐवजी मी साधं पोस्टकार्ड टाकलं असतं तर तू वाचून उत्तर लिहिलं असतंस, आणि हे मला आज सुचतंय, आता वाचायला तू नाहीस तेव्हा. म्हणून सरांना न सांगितलेलं तुला सांगते. भाजीचं पहिल्यांदा विचारलं त्या संध्याकाळी मी तुझे कान तपासत नव्हते. वसतिगृहाच्या मेसमध्ये पुन्हा तीच पाणचट आलूची भाजी होती, मी जेवले नव्हते, आणि मला फक्त घरी काय शिजलंय ते ऐकायचं होतं. ते अजून मला माहीत नाही.