घरी नाहीत

८ जून, शनिवार

आलो एकदाचे! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की पडदे शिवता शिवता माझी कंबर मोडणार. जागा जास्त आणि भाडं कमी, कसं जमवलंस विचारलं तर नवरोबा नुसता मिशीतल्या मिशीत हसला. सामानवाले घाई करत होते, त्यातच यानं चार-पाच कागद पुढे केले. घराचे आहेत, सह्या कर म्हणाला. टेबल अजून खाली गाडीत होतं, म्हणून त्याच्या पाठीवरच कागद ठेवून सह्या ठोकल्या. त्याला गुदगुल्या होत होत्या, त्या नादात माझी एक सही पार वाकडी झाली. ताईला फोन करून सगळं घर फिरवून आणलं. राहायला ये म्हटलं, तर म्हणे तुझ्या हातचं जेवायला मला वेड लागलंय का. चहाटळ मेली! फार छान वाटतंय आज.

११ जून, मंगळवार

सकाळी बेल. दारात एक माणूस, गळ्यात टाय आणि पायात चपला. नवरोबा आतून हातवारे करतोय, नाही म्हणून सांग. अरे, मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, ‘डॉक्टर नाहीत’ म्हणण्याचाच तर पगार घेते. गोड आवाजात सांगितलं, घरी नाहीत हो. टायवाल्यानं मान डोलावली, उद्या येतो म्हणाला. कोण रे हा? तर विमावाला, एकदा बसला की उठत नाही म्हणे.

१५ जून, शनिवार

टायवाला रोज येतो, मी रोज घरी नाहीत सांगते. आज मीच खोदून विचारलं. विमा कसला डोंबलाचा! कर्ज आहे. सहा लाख. यानं आधी कानांवर हात ठेवले, मग रडला. लग्नाआधीचं होतं, ते फेडायला दुसरं काढलं, ते फेडायला तिसरं. चार वर्षं शेजारी झोपतोय आणि मला पत्ता नाही! तोंडाला येईल ते बोलले. चुलीत गेला तुझा संसार म्हटलं. संध्याकाळी पुन्हा बेल वाजली, यानं हात जोडले, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. नवरा आहे शेवटी.

१९ जून, बुधवार

काहीतरी विचित्र चाललंय. हा आंघोळ करून येतो आणि टॉवेल कोरडाच. पलंगावर त्याच्या बाजूला एक सुरकुती नाही. ती जुनी खुर्ची मांजर बसलं तरी कुरकुरते, पण हा बसला की गप्प. आज जिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, एकट्याच राहता का? हा माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मला वाटलं बाई थट्टा करतायत. नव्हत्या करत.

२१ जून, शुक्रवार

कळलं. मी सांगते ते खरं होतंय.

आज दार सताड उघडलं. टायवाल्याला म्हटलं, आहेत घरी, हे काय खुर्चीत बसलेत, या आत. तो आला. खोल्या पाहिल्या, मोरीत डोकावला, पडदा सारला. मग हुश्श करून त्याच खुर्चीत बसला. माझ्या नवऱ्याच्या आत! मी किंचाळले. तो बिचारा दचकून उठला, माफी मागितली, म्हणाला साहेब सापडत नाहीत म्हटल्यावर आता जामीनदाराला धरावं लागेल. थकलेल्या कर्जाला मुदत मिळावी म्हणून यानं दिलेला जामिनाचा कागद काढला. खाली ती वाकडी सही.

आणि हा खुर्चीत बसून हसत होता. सुटलो, म्हणाला.

२२ जून, शनिवार

डोक्यात तिडीक गेलीये. माझा गळा कापून हा सुटला! ताईकडे जायचं ठरवलं, पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात बेल.

खुर्ची कुरकुरली. माझ्या आधी तो दारात. टायवाल्यानं माझं नाव घेतलं, आणि यानं माझ्याच गोड आवाजाची नक्कल करत सांगितलं, ती घरी नाही हो.

मी त्याच्या मागेच उभी होते. टायवाला माझ्या आरपार भिंतीकडे बघून उद्या येतो म्हणाला.

आता त्याला कोणी शोधत नाही, मला ‘घरी नाहीत’ सांगावं लागत नाही. म्हणून तो आहे. आणि मला—

२५ जून

टॉवेल कोरडा. माझा.

दवाखान्यात गेले. एका पेशंटनं माझ्या मांडीवर बॅग ठेवली. डॉक्टर विचारत होते, ही आज पण आली नाही का?

घरी हा गरम चहा भुरके मारत पितोय. रोज बेल. रोज तेच सांगतो. आता माझ्याकडे बघतही नाही. दिसत नसेन, की—

भीती वाटते. खूप.

२७ जून

ताईला फोन लावला. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मग तिनंच केला, तो यानं उचलला. बाहेर गेलीय म्हणाला. ताई भडकली, केव्हाही फोन केला की बाहेरच कशी असेल, उद्या येते म्हणाली.

ये गं ताई. तू तरी त्याचं ऐकू नकोस. कोणीतरी एकदा म्हणायला हवं, ती घरीच आहे. बास, एवढंच.

२८ जून

बेल. ताई! ताईचाच आवाज—

पेन धरवत नाही. तरी लिहितेय, दिसलं तर तिला हेच दिसेल—

ती आत आलीये. माझ्या चपला बघितल्या. विचारतेय, चपला इथे आणि ती कुठे? शाब्बास ताई! तो म्हणतो, जुन्या आहेत. ती म्हणते, खोटं. मला हाका मारतेय. मी ओ देतेय, ताई, ओ देतेय—

तो रडतोय. तसाच, त्या दिवशी रडला होता तसा. म्हणतोय, कर्ज तिचं होतं, लपवलं तिनं, निघून गेली—

ताई, नाही. विश्वास नको. पुन्हा विचार. एकदा हाक—

ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, म्हणजे ती घरी ना