भूल देणारीला आली भोवळ

तीर्थस्वरूप मामास,

कागदावर जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (पत्रात वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण तुला एकदा 'तुम्ही' म्हटलं तेव्हा मागे कोण आलंय ते तू वळून बघितलंस, तेव्हापासून तो नाद सोडला.) मी इथे खुशाल आहे. तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला फोन केला होता, तर मामी म्हणाली, तू पाण्याच्या टाकीत डोकवायला शिडी चढला आहेस. तेव्हा गुडघा ठणठणीत आहे, डोकं तेवढं कुणाला तरी दाखवून घे.

मागच्या पत्रात तू विचारलंस की इतकी वर्षं माणसांना भूल देणं सुखानं चाललेलं असताना चाळिशीच्या तोंडावर पुन्हा पाटी-दप्तर घ्यायची अवदसा मला कुठून आठवली, आणि लहान मुलांना कसले आलेत मनाचे आजार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमच्या शाखेचं नाव बाल व किशोर न्यूरोसायकियाट्री. म्हणजे मुलाचं वागणं बिनसलं तर त्यात मेंदूचा वाटा किती, मनाचा किती आणि आईबापांचा किती, हे शोधायचं. (तिसरा वाटा सांगायचा कसा, यावर आम्हाला वेगळी व्याख्यानं असतात.) आणि अवदसा म्हणशील तर, ऑपरेशनच्या टेबलावरची मुलं माझा हात धरून काहीतरी सांगायला लागायची, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्याच औषधानं झोपायची. मला नेहमी पुढचं ऐकायचं असायचं. हे कारण ऐकून निवड समितीतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. त्यांना सर्दी झाली होती हे नंतर कळलं.

पुढचं ऐकायची हौस मात्र पहिल्याच आठवड्यात फिटली. माझे जुने पेशंट कसे, आडवे पडायचे आणि गप्प राहायचे. इथले टेबलाखाली शिरतात. सकाळी मेंदूच्या नसा पाठ करायच्या आणि दुपारी हातात कापडी माकड घालून त्याच्या तोंडून बोलायचं, असा आमचा अभ्यासक्रम. एका चार वर्षांच्या बाईसाहेबांनी रबरी हातोडी मागून घेतली आणि माझाच गुडघा तपासला. लाथ बसली ती शिकवणाऱ्या डॉक्टरांना. एका पंधरा वर्षांच्या मुलानं मला अख्खा तास फक्त "माहीत नाही" हे उत्तर दिलं, आणि जाताना म्हणाला, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. शिवाय इथल्या खुर्च्या! त्या सहा वर्षांच्या मापाच्या आहेत. बसताना मी डॉक्टर असते, उठताना पेशंट.

आता मुख्य फजिती. आमच्याकडे एक काचेची खोली आहे. मुलाच्या बाजूनं बघावं तर भिंतीवर नुसता आरसा, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्यांना अलीकडचं सगळं दिसतं. आमची प्रात्यक्षिक परीक्षा याच खोलीत होते. आरशामागे परीक्षक मंडळी, त्यांच्या मधोमध आमच्या विभागप्रमुख मॅडम. (त्यांना आम्ही 'टाचणी' म्हणतो. त्या आवाज चढवत नाहीत, फक्त टोचतात.) नापास झालं की सहा महिने पुन्हा तेच. माझी पाचावर धारण बसली होती.

माझ्या वाट्याला आली आठ वर्षांची एक मुलगी आणि तिचे वडील. वडील कुलपं दुरुस्त करणारे, मोजकं बोलणारे, रागावलेले. शाळेनं निरोप धाडला होता की ही पोरगी मुद्दाम ऐकत नाही. हाक मारली तर बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघते आणि उत्तर देत नाही. असंच चाललं तर तिला या वर्गात ठेवता येणार नाही. "ओरडून झालं, कोपऱ्यात उभं करून झालं," वडील म्हणाले. "हट्टी आहे, दुसरं काही नाही." पोरगी खाली मान घालून बसली होती. आपण वाईट आहोत हे तिला इतक्यांदा सांगून झालं होतं की तिचंही तेच मत झालं असावं.

मी शिकवल्याप्रमाणे जमिनीवर बसले, माकड काढलं. तिनं माकडाकडे दयेनं पाहिलं. शेवटी माकड ठेवून दिलं आणि घरी कोणकोण आहे विचारलं, तर कळलं की मांजर आहे आणि ती नुकतीच व्यायली आहे. मग मात्र गाडी सुटली. कपाटात जागा कशी शोधली, पिल्लं किती, कुठलं आगाऊ, सगळं सांगताना ती म्हणाली, "मग तिनं त्याला मानेला—" आणि थांबली. फार नाही, तू चष्मा पुसशील तेवढाच वेळ. आणि लगेच, "—धरलं आणि उचललं."

मामा, दुसऱ्या कुणाला वाटलं असतं पोरगी शब्द शोधतेय. पण मी ते डोळे ओळखते. उघडे असतात, बघत असतात, आणि आत कुणी नसतं. माझ्या जुन्या धंद्यात मी रोज त्याच क्षणाची वाट बघत बसायची. फक्त इथे औषध कुणीच दिलेलं नव्हतं.

खात्री करायचा एक साधा उपाय आहे. मुलाला दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास सोडायला लावायचा. हा दोष असेल तर तेवढ्यात तो डोकं वर काढतो. त्यासाठी आमच्याकडे कागदाची भिरभिरी असतात. मी एक तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "तू पण फुंक." मी म्हटलं, तू आधी. ती म्हणाली, "मग नाही." आरशामागे मॅडम. काय करणार! मी त्या चिमुकल्या खुर्चीवर बसून दुसरं भिरभिरं घेतलं आणि आम्ही दोघी भात्यासारख्या फुंकायला लागलो. ती मजेत होती. मला मात्र आधी बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांना, मग खोली भिरभिरायला लागली आणि भिरभिरं स्थिर दिसू लागलं. भूल देण्यात हयात घालवलेली बाई बिनऔषधाची खुर्चीवरून घसरली ती थेट फरशीवर.

पोरगी खदखदून हसली आणि फुंकतच राहिली. आणि मग तिची फुंकर थांबली. भिरभिरं मंदावत उभं राहिलं. पापण्या बारीक थरथरत होत्या, नजर माझ्यावर होती आणि ती तिथे नव्हती. मी पडल्यापडल्या मोठ्यानं म्हटलं, "निळा घोडा!" (वेड लागलं नव्हतं. अशा वेळी एखादा शब्द बोलायचा आणि नंतर तो विचारायचा, अशी रीत आहे.) काही क्षणांत ती पुन्हा फुंकायला लागली. मी विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?"

"काही नाही," ती म्हणाली. "तू नुसती पडलीस."

वडील उठून उभे राहिले होते. "एवढ्या मोठ्यानं म्हणालात तुम्ही. हिला ऐकूच आलं नाही?"

मी सांगितलं, की हीसुद्धा एक प्रकारची आकडीच. हातपाय झाडत नाही, पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मेंदूचा दिवा क्षणभर जातो आणि येतो, दिवसातून कितीतरी वेळा. यात हट्ट नाही. यावर औषध आहे, आणि बहुतेक मुलं मोठी होताहोता यातून बाहेर पडतात. वडिलांनी खाली वाकून माझ्या हातून पडलेलं भिरभिरं उचललं, लेकीच्या हातात दिलं, आणि तो हात काही सोडला नाही.

हे सगळं मी फरशीवरून सांगत होते, कारण उठवत नव्हतं. तेवढ्यात, परीक्षार्थी आटोपली असं वाटून पलीकडे कुणीतरी घाईघाईनं दिवा लावला. तिथे दिवा लागला की आरशाची साधी काच होते. एकाएकी भिंतीत सगळे परीक्षक प्रकटले, उभे, घाबरलेले, आणि मॅडमच्या हातात अर्धं बिस्किट. पोरगी किंचाळली, "आरशात माणसं आहेत! ती खातायत!" मॅडमनी ते बिस्किट ज्या चपळाईनं पाठीमागे लपवलं, ते पाहून मला त्यांच्या बालपणाविषयी बरंच काही कळलं.

मेंदूच्या लहरींची तपासणी झाली, निदान पक्कं ठरलं, औषध सुरू झालं. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "निदान अचूक. मात्र तपासणीत एकानं तरी शुद्धीवर राहायचं असतं." म्हणजे पास.

परवा ती मुलगी पुन्हा आली होती. शाळेत आता पहिल्या बाकावर बसते. कसं वाटतंय विचारलं, तर म्हणाली, "छान. आमच्या बाई आता गोष्टीतली वाक्यं गाळत नाहीत." मी मान वळवून खिडकीची कडी नीट बसते का ते जरा वेळ पाहिलं.

असो. पत्र लांबलं. मामीला नमस्कार, तुला शिडीवरून उतरण्याची सद्बुद्धी.

तुझी भाची

ता. क. मामा, खरं काम पुढेच आहे. आईला यातलं काहीच माहीत नाही. तिला अजून वाटतं मी भूलच देते. 'भूलतज्ज्ञ' हा शब्द न अडखळता म्हणायला ती दोन वर्षांनी शिकली, तो आता तिच्या तोंडून काढून कसा घेऊ? दर रविवारी फोनवर विचारते, "काय, किती जणांना झोपवलंस?" आणि मी "बरेच" म्हणते. (गेल्या आठवड्यात मी वर्गात निबंध वाचला, तेव्हा ते खरंही होतं.) तू तिचा मोठा भाऊ, तुझ्यापुढे ती आवाज करत नाही. तेव्हा तूच सांग. जेवण झाल्यावर सांग, आधी नको.

ता. ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात आईचा फोन आला. शेजारच्यांचा नातू सारखे डोळे मिचकावतो म्हणे. "तुमच्या त्या लहान मुलांच्या विभागात त्याला कुठल्या वारी आणू?" मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. ती म्हणाली, "ऐकतेयस ना गं?" तेव्हा वरची विनंती रद्द. हे तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून भांडत नाही. फक्त तिला कधी सांगितलंस तेवढं कळव. ती किती रविवार सगळं माहीत असून माझं "बरेच" ऐकून घेत होती, ते मला कळू दे.