एक मार्च नावाचं जनुक

आई,

तुझी योन्जू डेजॉनहून वाकून नमस्कार करते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. किमचीचा डबा पोचला. तुझी कंबर कशी आहे? खरं सांग.

प्रोफेसर प्योंनी मला प्रयोगशाळेतून काढलं, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुला आकडे कळत नाहीत. घरी जा, आईबरोबर शिंपल्या निवड." मी ते गिळलं, पण पचवलं नाही.

त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधात लिहिलंय, की कर्करोगाच्या गाठीत 'मार्च-१' नावाचं जनुक मुळी बोलतच नाही, म्हणजे बंदच पडलेलं असतं. अशा निबंधामागचे आकडे सर्वांसाठी खुल्या भांडारात ठेवावे लागतात. मी ते शोधून उतरवून घेतले. तर काय, जनुकांच्या नावांच्या रांगेत मधेच एक तारीख! संगणकावरच्या तक्त्याने 'मार्च-१'ची परस्पर 'एक मार्च' ही तारीख करून टाकली होती, म्हणून ते जनुक सरांच्या मोजणीतूनच गळलं. मूळ आकड्यांत तर ते नुसतं बोंबलतंय!

निबंध छापणाऱ्या मासिकाला मी ही चूक कळवली. काल सरांचा फोन आला. आवाजात नुसता मध. "योन्जू, अगं, आपण घरचीच माणसं ना?"

मी म्हटलं, "सर, घरी तर तुम्हीच पाठवलं होतंत."

आता मला इथे नोकरी कोण देईल, ते नंतर बघू. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तू शिंपलीवर शिंपली वाजवून खराब कोणती ते ओळखतेस ना? मीही तेच केलं. सरांनी निवडायला सांगितल्या होत्या. पहिली सडकी निघाली ती त्यांचीच.

तुझीच,
योन्जू