कालची यादी, आजची तारीख

सोमवार, १० नोव्हेंबर
‘आज शहर में’, आमच्या हिंदी पेपरातला माझा कॉलम, तीस तारखेला बंद. दुपारी तीनला हेमेंद्रने सांगितलं, भोपाळहून आलेला मेलही दाखवला. हेमेंद्र आमच्या डेस्कचा प्रमुख, माझ्याहून बावीस वर्षांनी लहान. “ताई, आता आयोजक स्वतःच ॲपवर टाकतील. तुम्ही टेन्शन नका घेऊ, भोपाल डेस्क पे जगह है.” भोपाळ की राजीनामा, ते पंचवीसपर्यंत लेखी द्यायचं आहे.

अठ्ठावीस वर्षं हा कॉलम केला. प्रवचन, नेत्रशिबिर, सत्कार, पुण्यतिथी — कुठे आणि किती वाजता. वाईट वाटायला हवं होतं. जांभई आली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
एकोणीस कार्यक्रम. त्यात पाच सत्कार. साडेसातला पान छपाईला सुटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
काम करताना जगदेवरावांची फार आठवण आली. सोळा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर होते. घराण्यात सगळे फौजेतले, हे एकटेच कागदात शिरले. कंटाळ्यावर त्यांचा इलाज होता. प्रेसनोटचं पाकीट आलं की लगेच फोडायचं नाही. हातात तोलायचं, शिक्का बघायचा आणि आतला मजकूर तोंडी म्हणायचा — ‘मुख्य अतिथि ने दीप प्रज्वलित किया, वक्ताओं ने प्रकाश डाला, अंत में आभार सचिव ने माना.’ मग पाकीट मी फोडायची. त्यांचं चुकलं तर कचोऱ्या त्यांच्याकडून, बरोबर आलं तर माझ्याकडून. बहुतेक मीच आणायची.

एकदा एका पाकिटात आभार कुणीच मानलेले नव्हते. जगदेवराव इतके अस्वस्थ झाले की थेट संस्थेला फोन लावला. “भाईसाहब, आभार किसने माना?” मग कळलं की ऐन सभेत भांडण झालं, सचिव अर्ध्यातून उठून गेले, संस्था फुटली. दुसऱ्या दिवशी शहरात फक्त आमच्याकडे बातमी होती.

ते जाऊन चार वर्षं झाली. आता पाकिटंही येत नाहीत. व्हॉट्सॲपवर सगळं उघडंच येतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
चूक केली. माझी पद्धत अशी — कालची फाइल उघडायची, आधी तारीख बदलायची, मग एकेक ओळ. काल तारीख बदलली, तेवढ्यात चहा आला, आणि फाइल तशीच पानावर पाठवली. आज छापलंय ते असं: तारीख तेराची, कार्यक्रम सगळे बाराचे.

आपणहून हेमेंद्रला सांगितलं. त्याने अंक मागवून पाहिला. “किसी का फोन आया?” नाही. “तो फिर?”

संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत होते. कुणीही रागावलं नाही. ज्यांचे आजचे कार्यक्रम राहून गेले, तेसुद्धा नाही. दोन ओळींची दुरुस्ती उद्यासाठी लिहिली आणि वाटलं, हीसुद्धा कोण वाचणार? घरी येऊन राजीनाम्याचा मसुदा केला. चार वाक्यं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
एक जण आले. संभाजीराव, सत्तर-बहात्तरचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. हातात आमचं कात्रण. मला वाटलं, आला तक्रारदार. बरंच वाटलं म्हणायचं.

“ताई, बुधवारी पडाव भागातल्या धर्मशाळेत प्रवचन ऐकलं. गुरुवारी पुन्हा तेच छापलेलं. म्हटलं, महाराज रुक गए होंगे एक दिन. गेलो. चौकीदार म्हणतो, बाबूजी, वो तो कल हो गया.”

मी माफी मागितली. म्हणाले, “माफी कसली? चौकीदार चांगला निघाला, तासभर गप्पा झाल्या. मी फक्त विचारायला आलो, तुमची तब्येत ठीक आहे ना? तुमच्याकडून असं होत नाही.”

मी त्यांना खुर्ची दिली. तीन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली. तेव्हापासून रोज सकाळी कॉलम वाचून एक कार्यक्रम निवडतात आणि जातात. “सत्कार सोडून. तिथे पाहुणा कधीच वेळेवर येत नाही.” तीस तारखेनंतर कॉलम नाही, हे सांगावं लागलं. त्यांनी खिशातून बटणांचा मोबाइल काढून दाखवला. “मग मला कळणार कसं, ताई?”

सोमवार, १७ नोव्हेंबर
आज सुट्टी घेतली. संभाजीरावांबरोबर कंपू भागात गुडघेदुखीवरच्या व्याख्यानाला गेले. अठ्ठावीस वर्षांत माझ्या यादीतल्या कार्यक्रमाला कामाशिवाय पहिल्यांदा.

तिथे त्यांच्यासारखे आणखी दोघे होते. नावं आता आता कळली म्हणे; आधी नुसतं ‘नेत्रशिबिरवाले’ आणि ‘प्रवचनवाल्या बाई’. त्या बाई म्हणजे विजयाबाई. माझी ओळख करून दिल्यावर म्हणाल्या, “हो का? मागे एकदा तुम्ही वेळ अर्धा तास आधीची छापली होती. बरं झालं, समोसे गरम मिळाले.”

डॉक्टरांनी प्रकाश टाकला. शेवटी सचिव उठले, आणि ते तोंड उघडायच्या आत मी जगदेवरावांसारखं त्यांचं आभाराचं वाक्य पुटपुटले. एकही शब्द चुकला नाही. डोळे भरून आले. गुडघेदुखीच्या व्याख्यानात.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
घरी मधुसूदनना विचारलं, भोपाळला जाऊ का? पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “जा. कंटाळायला तिथे तलाव आहे.” मग डोकं वर काढलं. “तुला कॉलमचा कंटाळा आलाय की कॉलम खोलीत बसून करण्याचा?”

लग्नाला तीस वर्षं झाली. असा प्रश्न वर्षाला एखादाच येतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
राजीनामा दिला. चार वाक्यांतली दोन कापली.

शनिवार, २९ नोव्हेंबर
शेवटचा कॉलम सुटला. एकवीस कार्यक्रम. एकविसावा असा: ‘सायं. ५, टोपी बाजार, वाचनालयाची मागची खोली — आठवड्यात शहरात कुठे काय आहे, ते वाचून सांगितले जाईल. दर रविवारी.’ हेमेंद्रने विचारलं, “ताई, ये कौन-सी संस्था है?” म्हटलं, उद्यापासून आहे. त्याने ओळ राहू दिली. वाचनालयाचे दिनकरराव उद्या चारला किल्ली देणार आहेत. संभाजीराव साडेचारलाच येतील, विजयाबाईंना घेऊन.