सेनापतीणबाईंचा रंग

हडपसर, ९ जानेवारी

ती. पूर्वाताई,
अभिनवचा सप्रेम जय भीम.

फोन बादलीत पडला, म्हणून हे पत्र. माझा रूममेट उत्तरेश्वर कुरिअर वाटत वाघोलीपर्यंत येतो, तोच देईल. त्याला चहा पाज, पण बसवू नकोस, तो उठत नाही.

नवीन काम मिळालंय. हसू नकोस. इथे आयटीवाली मंडळी शनिवारी एका हॉलमध्ये जमतात आणि मोठ्या टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांची लढाई खेळतात. फासे टाकतात, टेपने अंतर मोजतात, भांडतात. चांगली चाळिशीची माणसं, ताई! एकाने तर घरचं शिंकं टांगायच्या काथ्याचं जंगल केलंय, इतकं हुबेहूब की मी अर्धा तास तेच बघत बसलो. असो. त्यातल्या आमोदसरांनी मला एक सेनापतीण रंगवायला दिली आहे. मुद्दाम स्वतः बनवलेली: पाय एका पुतळ्याचे, चिलखत दुसऱ्याचं, डोकं तिसऱ्याचं. आवडली तर सगळी फौज माझ्याकडे, म्हणजे वर्षभर काम.

चेहरा कसा हवा विचारलं, तर म्हणाले, जिच्या नजरेतून काही सुटत नाही अशी बाई कर. आता मला अशी एकच बाई माहीत आहे, आणि मी आयटीआय सोडलं तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचाच चेहरा करायचा ठरवलाय. नीट जमला तर तिलाही दाखवता येईल, मग बघू.

पण आईचा रंग कोणता गं? अंगाच्या रंगाची म्हणून जी बाटली मिळते ती गुलाबी आहे. तसं आपल्या घरात कुणीच नाही. डोळे मिटले की मला आईचा आवाज आठवतो, रंग आठवत नाही. एखादा फोटो पाठव.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर मला सांभाळता येणार नाही.
तुझा, अभि

वाघोली, १२ जानेवारी

चि. अभिनव,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझा उत्तरेश्वर दोन कप चहा पिऊन आणि माझ्या सासूबाईंना गाडीचं मायलेज समजावून गेला. त्यांना तो तुझ्यापेक्षा कामसू वाटला.

आयटीआय सोडलंस, कॅन्टीन सोडलंस, आता बाहुल्या रंगवतोस हे मी आईला कोणत्या तोंडाने सांगू? तुझं नाव काढलं की ती शिलाई मशीन जोरात चालवते. परवा कुणाच्या तरी ब्लाउजला त्यापायी दोनदा टीप पडली.

फोटो पाठवते आहे, माझ्या लग्नातला. आई त्यात छान दिसते.

जेवत जा, आणि आठवण ठेवायला कुरिअरवाल्याची वाट बघू नकोस.
पूर्वा

हडपसर, २० जानेवारी

ती. ताई,
सप्रेम जय भीम.

फोटोवरून रंगवली. प्राइमर, त्यावर रंग, सुरकुत्यांत पातळ सावली, सगळं शिस्तीत. आणि झाली काय, तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची नगरसेविका! मग फोटो नीट बघितला. फोटोवाल्याने आपल्या सगळ्यांनाच उजळून टाकलंय गं. तू, मी, आई, एका डब्यातून काढल्यासारखे. घरातले बाकीचे फोटोही त्याच दुकानातले.

म्हणून आईला न कळवता येरवड्याला गेलो. रंग आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर लावून बघतात, तसे सात-आठ तपकिरी चमचे करून नेले आणि आईच्या घरातल्याच शिवणाच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवरून एकेक डोळ्यासमोर धरून जुळवत बसलो. आई दारात आली की एक चमचा बरोबर, आत ट्यूबलाइटखाली गेली की दुसराच. हातांचा तिसरा. डोकं फिरलं माझं. मध्ये टपरीवाल्याने त्याच्या म्हशीची गोष्ट काढली, त्यात पाऊण तास गेला.

शेवटी दारातला रंग धरला. गडद आहे. आता ती आईच दिसते, इतकी की तिच्याकडे पाठ करूनही मला सिगारेट ओढवत नाही. पण मी तिला बरोबर काढलंय की तिचा अपमान केलाय, हेच कळेना. सोबत पाठवतोय. आमोदसरांना रविवारी संध्याकाळी द्यायची आहे. आईला दाखवू नकोस. किंवा दाखव. मला खरंच कळत नाही, तू ठरव.

जे काय होईल त्यानंतरही भाऊ मानशील ही आशा.
अभि

वाघोली, २३ जानेवारी

चि. अभिनव,
जय भीम.

आज येरवड्याला जाऊन आईला दाखवली. आता मीच गोंधळले आहे.

डबी उघडली तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, अरे देवा, किती काळी केली! आईने चष्मा लावला, ती बाहुली दोन बोटांत धरून दारात उजेडाला नेली. मी घाईने म्हटलं, थोडी उजळ करायला सांगते त्याला. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कात्री आवरायला लागले. मग तिने ती मशीनच्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं. रागावली का, तर माहीत नाही. रडली का, तर नाही. मला म्हणाली, घरी जा, तुझ्या सासूबाई वाट बघत असतील.

तुझी बाहुली त्यामुळे माझ्याकडे नाही. तुझ्या सरांना काय सांगायचं ते तूच बघ. आईने बंद पाकीट दिलंय, ते सोबत आहे. मी उघडलेलं नाही, याचं कौतुक व्हावं.
पूर्वा

येरवडा, २३ जानेवारी

चि. अभिनव यास,
आईचा जय भीम.

तू टपरीवर चमचे घेऊन बसला होतास ते मी पहिल्या मिनिटाला पाहिलं. वाटलं, आता आइस्क्रीम विकतो वाटतं. गिऱ्हाइकासमोर हाक मारावीशी वाटली नाही.

पूर्वा काही म्हणो, रंग बरोबर आहे. माझ्या आईचाही हाच होता. तिचा एकही फोटो नाही, म्हणून तुला ठाऊक नसेल. भुवयाही माझ्याच आहेत, एक वर गेलेली.

पण तू मला पावडर लावलेली नाहीस. मी दाराबाहेर पाऊल टाकते ती पावडर लावूनच, आणि तू मला तशीच लढाईला धाडलीस? चार लोकांत? एवढं शिकवलेलं कुठे गेलं?

रविवारी सकाळी ब्रश घेऊन ये. मी समोर बसेन. पावडर फक्त चेहऱ्याला लाव. मान माझी नेहमीच राहून जाते, ती राहू दे. मग तुझ्या साहेबांना नेऊन दे, जे काय लढायचं ते लढू दे तिला.

मटण करणार आहे. उपाशी ये.
तुझी आई