सातवा रकाना : निरंक

१२ जानेवारी १९८९, गुरुवार
पहूर. महिन्याचा दुसरा गुरुवार, दहावी खेप. जीप जळगावहून साडेआठला निघाली, नेरीच्या पुढे पंक्चर. डॉ. दातार धुळ्याहून पहिल्या एस.टी.नं आलेले, ते पुढे. मागे मी, सुमन, सुरवाडे सिस्टर, औषधांची पेटी. सुमन माझी बहीण, पहूरला नातेवाइकांकडे जाते, एवढंच ड्रायव्हरला माहीत. नातेवाईक कोण, ते त्यानं अजून विचारलेलं नाही. मीही अजून ठरवलेलं नाही.

ग्रामपंचायतीची जुनी खोली, बाहेर बाक. आज सव्वीस जण. डॉक्टर आत तपासतात, सुरवाडे सिस्टर इंजेक्शन देतात, मी दारात नोंदवही घेऊन बसतो. नाव, गाव, वय, तक्रार. सुमनचं महिन्याचं इंजेक्शन झालं. तक्रार : डोकेदुखी. बाकीच्यांचीही डोकेदुखी, नाहीतर अशक्तपणा, नाहीतर झोप न येणं. सिस्टर म्हणाल्या, "भाऊसाहेब, पहूरला डोकेदुखीची साथ आली म्हणायची." हसलो.

सोनाबाईची विमल आज आपल्या पायांनी आली. मे महिन्यात तिला बैलगाडीत हातपाय बांधून आणलं होतं. आज वहीतल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे माह्यं नाव का?" केसांना तेल, वेणी.

१९ जानेवारी
धुळ्याच्या कार्यालयाचं पत्र. पहूरची खोली एका वर्षासाठी, चाचणी म्हणून मंजूर होती. आता : "प्राप्त मासिक अहवालांनुसार मानसिक रुग्णांची संख्या निरंक असल्याने सदर केंद्रासाठी पुढील वर्षी तरतूद प्रस्तावित नाही." म्हणजे ३१ मार्चला बंद.

आमच्या जळगावच्या आरोग्य ऑफिसातून जाणारे अहवाल मीच टाइप करतो. सातवा रकाना, मानसिक रुग्ण. दर महिन्याला नोंदवही उघडायची, तक्रारींवरून बोट फिरवायचं, आणि निरंक. नोंदवहीत नाही ते अहवालात कसं लिहायचं? असं मीच हाताखालच्या पोरांना सुनावत असतो.

२० जानेवारी
हे सुरू कुणी केलं ते एकदा लिहून ठेवावं. मी केलं. गेल्या एप्रिलमधली पहिली खेप. बाकावर पाच-सहा बायका, कुणी पुढे येईना. भीड चेपावी म्हणून सुमनला मीच पहिली पुढे केली. नाव, वय लिहिलं. तक्रारीपाशी पेन थांबलं. तिची बालवाडी आठवली. आमच्या ओट्यावर भरते, कॉलनीतली सतरा मुलं. "डोकेदुखी" लिहिलं. मागची बाई वाकून बघत होती, तिला वाचता येत होतं. म्हणाली, "माह्यंबी तेच लिवा." मग पुढची. मग सगळ्या.

इतके दिवस म्हणत आलो की लोकांची लाज राखली. लोकांची?

२७ जानेवारी, शुक्रवार. धुळे
अकराला पोचलो. दारात शिपाई. "तुमनं काय काम शे, आबा? साहेब मीटिंगमा शेतस. बसा. आठे बठ्ठा बशीच राहतस." इथे सगळे बसूनच असतात म्हणे. मीही दीडपर्यंत बसलो.

अधिकारी माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पाणी मागवलं.
"डोकेदुखीला गोळी द्या की. त्यासाठी इथून डॉक्टर कशाला पाठवायचा?"
"ती डोकेदुखी नाही, साहेब."
"मग काय आहे? अहवाल तुमच्याच ऑफिसचे ना?"
"हो. मीच केलेले."
"मग मी वर पैसे कशाच्या जोरावर मागू? तुमच्या तोंडी सांगण्यावर?"

मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. १५ मार्चपर्यंत मुदत दिली. दुरुस्त यादी : नाव, पत्ता, खरी तक्रार, रुग्णाची सही किंवा अंगठा. त्यातल्या काहींच्या घरी माणूस पाठवून पडताळणी करणार.

नंतर डॉ. दातारांकडे. म्हणाले, "कुणाला काय आहे ते माझ्या वहीत आहे. पण मला विश्वासानं सांगितलेलं मी ऑफिसला देणार नाही. सांगायचं तर त्यांनी सांगावं." मग दारापर्यंत आले. "तुमच्या बहिणीची काळजी करू नका. पहूर बंद झालं तर तिला महिन्याला इकडे आणा. मी बघेन."

बसमध्ये एकदम सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, म्हणून लिहितो. पारोळ्यापर्यंत टिकलं. तिथे बस थांबली, आणि विमलची तेल लावलेली वेणी डोळ्यांपुढे आली. सोनाबाई रोजंदारीवर. पहूरहून धुळे, दोन एस.ट्या, अख्खा दिवस, दोघींचं तिकीट. दोन महिने आणेल. मग पुन्हा बैलगाडी, पण धुळ्याला बैलगाडी जात नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार. पहूर
सुमनला सर्दी आहे म्हणून सकाळी सांगितलं की सिस्टर घरी येऊन इंजेक्शन देतील. सर्दी होती, पण तेवढीच. ती नको होती मला आज तिथे.

एकेकाला बाजूला घेऊन समजावलं. कुणी मान हलवली, कुणी उठून पाणी प्यायला गेलं. सही कुणाचीच नाही. सोनाबाई पदर खोचून समोर बसली.
"साहेब, पोरीचं पुन्हा जमवू रायलो आम्ही. कागदावर आलं तं कोन करीन तिले?"
"नाही लिहिलं तर खोली बंद होईल, सोनाबाई."
"तुमच्या बहिनीचं काय लिवलं? ते वाचा पहिले."
वाचलं. डोकेदुखी.
"मंग? तुमची ती डोकेदुखी, अन् आमचं ते येड?"

सिस्टर सुया गोळा करत होत्या. जीपमध्ये म्हणाल्या, "बाई खोटं बोलली का, भाऊसाहेब?" नाही म्हटलं.

१४ फेब्रुवारी
सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.
"कॉलनीत कळलं की दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. मग ती दिवसभर काय करील? भिंतीकडे तोंड करून बसेल, पहिल्यासारखी."
"मग बाकीच्यांचं काय?"
"बाकीच्यांना मी न्हाऊ घातलं नाही, अहो. हिला चार वर्षं घातलंय."

खरं आहे. सुमन चौदा वर्षांपूर्वी सासरहून परत आली तेव्हा कुणाचा हात लागू देत नव्हती. माझा तर नाहीच. फक्त सौ.चा. माझं खरं-खोटं त्या चार वर्षांत कुठे होतं? ऑफिसात.

१९ फेब्रुवारी, रविवार
दुसरी वाट : नोंदवहीत तक्रारीपुढे त्याच शाईनं भर घालायची. जागा आहे. कुणाला कळणार नाही. पेनाचं झाकण काढलं, लावलं. एकदा लोकांना न विचारता एक लिहिलं, आता न विचारता दुसरं लिहायचं.

तिसरी : काहीच करायचं नाही. मार्च आपोआप संपतो. आम्ही धुळ्याला जाऊ.
ही तिसरी आठवड्यातून किती वेळा मनात येते ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार
सुमनला कळलं. सिस्टरनी सांगितलं. चौदा तारखेला इंजेक्शन द्यायला आल्या तेव्हाच, म्हणजे बारा दिवस ती गप्प होती. दुपारी ओट्यावर मुलांचे मणी रंगांप्रमाणे लावत होती. मी पेपर घेऊन बसलो होतो.
"भाऊ, माझं डोकं कधी दुखलं रे?"
मी पेपर खाली ठेवला.
"चौदा वर्षांत एकदाही नाही. डोकं तुझं दुखतं. बाम तुझ्या उशाशी असतो."
हसली. मला हसता येईना. म्हटलं, तुझ्यासाठीच लिहिलं.
"माहीत आहे. पण मी समोरच बसले होते ना? विचारायचं होतंस."
"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"
मणी लावता लावता म्हणाली, "तेच कदाचित. डोकेदुखी लिही म्हणाले असते. पण मग ते माझं असतं."
यादीचं विचारायचा धीर झाला नाही. तिनंही काढलं नाही.

५ मार्च
घरात तिघंही जपून बोलतो. मीठ दे, दूध आलं का, गॅसचा नंबर लावला का. सुमन जीपमध्ये कुठे बसायचं ते ठरवते आहे, म्हणजे गुरुवारी येणार आहे. सौ.नं तिची चांगली साडी इस्त्रीला दिली. का, ते विचारलं नाही.

९ मार्च, गुरुवार. पहूर
शेवटची खेप, पत्राप्रमाणे. एकतीस जण. कोऱ्या यादीचा कागद टेबलावर ठेवला, त्यावर औषधाची बाटली. बोलायला तोंड उघडलं, पण सुमन माझ्याकडे आली नाही, बाकावर जाऊन बसली. सोनाबाई आणि विमलच्या मध्ये. काय बोलली ते सगळं ऐकू आलं नाही. "बालवाडी चालवते," "मलापण आवाज येत होते," "इंजेक्शन चुकलं की येतात." सोनाबाईनं तिचा हात उलटसुलट करून पाहिला, जणू तिथे काही लिहिलेलं असेल.

मग उठून टेबलाशी आली. पेन मागितलं. पहिली ओळ. खरी तक्रार काय लिहायची ते डॉक्टरांना विचारून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सही केली. पत्ता पूर्ण. मला वाटलं होतं घराचा नंबर तरी सोडेल.

त्यानंतर पाच जण. तीन अंगठे, दोन सह्या. एक म्हातारा म्हणाला, "माह्यं तं आता लग्न व्हायचं नाही, लावा अंगठा!" बाक हसला. बाकीचे उठून गेले. सोनाबाई दारात थांबली. "हिच्या बापाले इचारते. पोराकडचे लोक बुधवारी येऊन रायले." मी म्हटलं, यादी पंधराला जाते. मान हलवली, गेली.

सहा. एकतिसांतले सहा.

१५ मार्च
यादी स्वतः धुळ्याला नेऊन दिली. अधिकारी उलटसुलट करून म्हणाले, "सहाच?" पहिल्या नावापाशी थांबले. आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "बघू. वर पाठवतो." शिपायानं शिक्का मारला.

२१ मार्च, मंगळवार
पडताळणीचा माणूस आला. सहांतून त्याला जळगावचं नाव जवळ पडलं. ऑफिसात न येता थेट कॉलनीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारलं : मानसिक रुग्ण सुमनबाई कुठे राहतात? दुकानात चार बायका होत्या. दुकानदारानं वाट दाखवायला माणूस बरोबर दिला, आदरानं.

सुमननं त्याला चहा दिला. त्याच्या फॉर्मवर सही केली. मुलं तेव्हा ओट्यावर पाढे म्हणत होती.

२३ मार्च
काल अकरा मुलं. आज सात. निरोप येतात : मामाकडे गेलाय, ताप आहे. एकीनं सांगितलं, मुलीचं डोकं दुखतंय. सुमननं तो निरोप मला जेवताना सांगितला. सौ. उठून आत गेली.

सुमन सतराच्या सतरा बस्करं घालते. दहा रिकामी दिसतात तरी घालते. सौ.नं आज दोनदा सांगितलं, थोडी उचल. नाही उचलली. भिंतीकडे तोंड करून बसलेली नाही अजून. मी दर तासाला बघतो, आणि मी बघतो हे तिला कळतं.

२८ मार्च
धुळ्याहून काही नाही. फोन लावला, साहेब मुंबईला. एप्रिलच्या जीपची मागणी आजच द्यावी लागते. दिली. १३ एप्रिल. कारणाच्या रकान्यात इतके महिने "क्षेत्रभेट" लिहीत होतो. आज लिहिलं : मानसिक रुग्ण तपासणी, पहूर. वरच्या साहेबांनी सही न करता बाजूला ठेवली. "मंजुरी येऊ द्या."
आज नऊ मुलं. एक जुनीच, एक नवी. नवीच्या आईला बहुतेक माहीत नाही. की माहीत आहे?

३१ मार्च, शुक्रवार
वर्षअखेर, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. साडेचारला दारात सोनाबाई. मागे विमल, हातात चपला. पहूरहून आल्या, आधी दुसऱ्याच ऑफिसात बसून होत्या.
"बुधवारचं मोडलं," सोनाबाई म्हणाली. "कागद नाही गेला तरी मोडलं. त्याहिले कोन सांगितलं कोन जाने." मग अंगठा पुढे केला. "लिवा आता. हिचं खरं ते लिवा."
"माह्यी सही येते मले," विमल म्हणाली.

यादी गेली, मुदत गेली, हे सांगायचं होतं. कोरा कागद काढला. तिनं बोट ठेवत ठेवत सही केली. सहीखाली तारीख घालायची. नऊ मार्च घातली असती तर यादीला जोडता आली असती. माझं पेन थांबलं होतं, आणि त्या दोघी पेनाकडे बघत होत्या.
"कोनती तारीख हाये आज?" विमलनं विचारलं.
सांगितली. तिनंच लिहिली.

टपालाचं आवक-जावक तोवर बंद झालं होतं. कागद माझ्या खणात आहे.
"मंग तेरा तारखेले येऊ ना, साहेब?" सोनाबाईनं पायरीवरून विचारलं.