बाबांचं घट्ट रक्त

प्रिय हेरिम,

सोलमध्ये थंडी वाढली असेल. कानटोपी घालतेस की नाही, देव जाणे. साठीनिमित्त तू पाठवलेली संपूर्ण शरीराच्या तपासणीची भेट बाबांनी अखेर घेतली बरं का. इथे मोक्पोतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना साठीला मुलांनी हीच भेट दिलीय, पण आमच्या स्वारीचं आपलं वेगळंच. तू आपलं सुपाचं दुकान सांभाळणार नाही म्हणालीस, तो राग अजून तसाच. म्हणाले, फोन करायला हिची जीभ उचलत नाही आणि माझं रक्त काढायला निघालीय. तरी गेले, धुतलेला सदरा घालून.

रिपोर्टात हिमोग्लोबिन चांगलंच जास्त आलं. मग काय विचारतेस! जवान पोराचं रक्त आहे म्हणत सगळ्या मासळी बाजारात मिरवले. मीही फुगले, खोटं कशाला बोलू. तू लहानपणी पांढरीफटक होतीस, तेव्हापासून बैलाच्या रक्ताच्या वड्यांचं सूप मी घरादाराला पाजत आलेय. त्याचंच हे फळ, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटले.

मग दवाखान्यातून बोलावणं आलं. हृदयाच्या फोटोत दिसलं की रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा चुना साचलाय. छातीत कधी कळ नाही, धाप नाही, दर रविवारी युदालचा डोंगर चढणारा माणूस! मला वाटलं, माझ्याच सुपाने रक्त घट्ट केलं आणि नळ्या तुंबवल्या. तिथेच रडू फुटलं. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. तिने माझा हात धरला, सुपाचा काही दोष नाही म्हणाली, आणि बाबांकडे वळून शांतपणे विचारलं, "काका, दिवसाला किती ओढता?"

धुरामुळे रक्ताला प्राणवायू कमी पडतो, मग शरीर रक्तच घट्ट करत बसतं, आणि तोच धूर नळ्याही खराब करतो, असं तिने समजावलं. आता कळलं मला! सिगारेट सोडल्याची शपथ घेतलेला हा माणूस रोज गच्चीवर जाऊन आंबवायला ठेवलेल्या सोयाच्या रांजणांची झाकणं उन्हात उघडायचा. मी बायकांना सांगायचे, नवरा असावा तर असा. रांजणांमागे ओढत बसायचे मेले!

बसमध्ये मी त्यांना असं झापलं की ड्रायव्हरसुद्धा आरशात बघत होता.  घरी आल्यावर यांनी सिगारेटचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "मेलो असतो तर पोरीशी न बोलताच गेलो असतो गं." तेव्हापासून औषध घेतात, सिगारेटऐवजी सुकवलेला माकूळ मासा चघळतात आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसतात. मला हा खेकसणारा म्हातारा हवाय, हेरिम. पुष्कळ वर्षं हवाय.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती, हे दुखणं घराण्यात उतरतं, मुलांनीही वेळीच बघून घ्यावं. बाबा काल न सांगता दवाखान्यात गेले आणि चांद्र नववर्षाच्या सणानंतरची, त्यांच्या फेरतपासणीला लागूनच, तुझी वेळ घेऊन आले. पैसेही भरलेत. बापाने लेकीला तपासणी भेट दिलेली कुणी ऐकलीय का, लोक हसतील, असं मी म्हटलं. म्हणाले, हसू देत, पण तिला माझं नाव सांगू नकोस. म्हणून तर सांगतेय. ये गं. आदल्या रात्रीपासून दोघांनाही उपाशी राहायचंय, भांडायला कुणाच्याच अंगात त्राण नसेल.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई